शेवटचे दहा किलोमीटर आणि मनाचा दोष

पत्राचा सारांश : पत्रलेखिका बेचाळीस वर्षांच्या असून ठाण्यात राहतात आणि एका बँकेत अधिकारी आहेत. पाच वर्षांपूर्वी त्यांनी धावायला सुरुवात केली. अर्धमॅरेथॉन त्या अनेकदा आनंदाने धावल्या आहेत आणि त्यातील त्यांची सर्वोत्तम वेळ २ तास ५ मिनिटे आहे. मुंबई मॅरेथॉनचे पूर्ण अंतर त्या दोनदा धावल्या आणि दोन्ही वेळा तिसाव्या किलोमीटरनंतर त्यांचे मन खचले. गेल्या जानेवारीत त्यांनी पहिले अर्धे अंतर २ तास ८ मिनिटांत पार केले, परंतु पुढे पेडर रोडच्या चढावर त्या दुभाजकाचा कठडा धरून उभ्या राहिल्या. रडू आवरेना आणि ‘घर सोडून मी इथे काय करते आहे, हे सगळे कशासाठी’ हा एकच विचार डोक्यात घुमत राहिला. उरलेले अंतर त्यांनी बहुतांशी चालत कापले आणि ५ तास १० मिनिटांत शर्यत पूर्ण केली. मिळालेले पदक त्यांनी कपाटात ठेवून दिले असून ते कोणालाही दाखवलेले नाही. धावण्याच्या गटातील एका ज्येष्ठ सहकाऱ्याने त्यांना सांगितले की, ‘तुमचे शरीर तयार आहे, मनच नाजूक आहे, बायकांना शेवटचे दहा किलोमीटर जड जातात ते त्यामुळेच.’ सरावात त्या सर्वाधिक ३२ किलोमीटर धावल्या होत्या. शर्यतीत त्या प्रत्येक केंद्रावर पाणी प्यायल्या, मात्र पोट बिघडेल या भीतीने पंधराव्या किलोमीटरला घेतलेल्या एका एनर्जी जेलव्यतिरिक्त त्यांनी काहीही खाल्ले नाही. येत्या जानेवारीसाठी नोंदणी झाली आहे. मन कणखर कसे करावे, आणि ते होणार नसेल तर हा नाद सोडून द्यावा का, असे त्या विचारतात.

सप्रेम नमस्कार.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट तुम्ही आधीच मान्य करून टाकली आहे. पेडर रोडवर जे झाले ते मनाच्या दुबळेपणामुळे झाले, असे तुम्ही धरून चालला आहात, आणि म्हणूनच उपायही तुम्हाला मनासाठीच हवा आहे. मला मात्र पत्रातील आकडे वेगळे काही सांगतात. त्यामुळे मनाकडे आपण थोड्या वेळाने येऊ आणि आधी त्या दिवसाचा हिशेब मांडू. तुम्ही बँकेत काम करता, तेव्हा हिशेब नीट लागल्याशिवाय कोणावर ठपका ठेवू नये, हे तुम्हाला पटेल.

अर्धमॅरेथॉनमधील तुमची सर्वोत्तम वेळ २ तास ५ मिनिटांची आहे. म्हणजे ज्या दिवशी २१ किलोमीटरनंतर थांबायचे होते आणि सगळी ताकद ओतायची होती, त्या दिवशीचा हा आकडा. जानेवारीत मात्र तेवढेच अंतर पुन्हा धावायचे बाकी असताना तुम्ही पहिले अर्धे अंतर २ तास ८ मिनिटांत संपवले. आयुष्यातील सर्वोत्तम धावेपेक्षा जेमतेम तीन मिनिटे सावकाश. दर किलोमीटरला ६ मिनिटे ४ सेकंदांचा हा वेग होतो. तुमच्या क्षमतेच्या, नोकरी सांभाळून आठवड्यातून चार दिवस धावणाऱ्या व्यक्तीने पूर्ण मॅरेथॉनसाठी साधारण ६ मिनिटे ४० सेकंदांचा वेग धरला, तर ती ४ तास ४० मिनिटांच्या आसपास पोहोचते आणि तिचे पहिले अर्धे अंतर २ तास २० मिनिटांत होते. तुम्ही तिथे बारा मिनिटे ‘कमावली’, आणि पुढच्या अर्ध्या अंतराला ३ तास २ मिनिटे लागल्यामुळे चाळीसहून अधिक मिनिटे घालवली. पेडर रोडवरील कोलमडण्याची तयारी अशा रीतीने पहाटेच्या अंधारात, मरिन ड्राइव्हच्या गार वाऱ्यात आणि हजारो लोकांच्या उत्साहात, तुम्हाला अतिशय छान वाटत असतानाच झाली होती. त्या वेळी मन अजिबात नाजूक नव्हते. उलट ते जरुरीपेक्षा जास्त धीट होते.

हे असे का होते, ते थोडे विस्ताराने सांगतो, कारण कारण समजले की स्वतःला बोल लावणे आपोआप कमी होते. स्नायूंमध्ये आणि यकृतात मिळून आपल्याकडे पिष्टमय पदार्थांचा जो साठा असतो, त्यातून साधारण १,८०० ते २,००० किलोकॅलरी ऊर्जा मिळते. धावताना दर किलोमीटरला, शरीराच्या दर किलो वजनामागे, सुमारे एक किलोकॅलरी खर्च होते. साठ किलो वजनाच्या व्यक्तीला ४२.१९५ किलोमीटरसाठी अंदाजे २,५०० किलोकॅलरी लागतात. यातला काही भाग शरीर चरबीतून भागवते, आणि चरबी कोणाकडेच कमी नसते. पण वेग जितका वाढतो, तितका चरबीचा वाटा घटतो आणि या मर्यादित साठ्यावरचा भार वाढतो. म्हणून दर किलोमीटरमागे अर्ध्या मिनिटाची घाई दिसायला किरकोळ असली तरी साठा केव्हा संपणार हे तीच ठरवते. धावपटू ज्याला ‘वॉल लागली’, म्हणजे भिंतीवर आदळल्यासारखी ताकद अचानक संपली, असे म्हणतात ते बहुधा तिसाव्या ते पस्तिसाव्या किलोमीटरच्या दरम्यान घडते, ते याच हिशेबाने.

आता तुमच्या दृष्टीने महत्त्वाची बाब अशी की, मेंदूही साखरेवरच चालतो. यकृतातील साठा उतरू लागला आणि रक्तातील साखर खाली आली की पायांच्या आधी मनोवस्था बदलते. चिडचिड होते, डोळे भरून येतात, साधा निर्णय घेता येत नाही, सगळे निरर्थक वाटू लागते. चार तासांच्या धावण्यात एकच जेल, म्हणजे फार तर शंभर किलोकॅलरी, आणि तीही पंधराव्या किलोमीटरला! अशा स्थितीत कठडा धरून रडणे हे भित्रेपण नाही. उपाशी मेंदूने दिलेला तो अगदी सरळ निरोप होता. तुम्ही तो स्वतःच्या स्वभावाचा दाखला म्हणून वाचलात.

पाण्याचाही मुद्दा इथेच सांगून टाकतो. प्रत्येक केंद्रावर पाणी प्यायलेच पाहिजे असा समज आपल्याकडे सर्वत्र आहे, आणि उन्हाच्या भीतीने तो पक्का झाला आहे. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये शर्यत संपवलेल्या ४८८ धावपटूंचे रक्त तपासले गेले, तेव्हा त्यांतील १३ टक्के लोकांच्या रक्तातील सोडियम सामान्य मर्यादेखाली गेलेले आढळले. आणि त्याचा सर्वांत स्पष्ट संबंध होता तो धावताना पाणी व इतर पेये इतकी पिण्याशी, की शर्यतीअखेर वजन घटण्याऐवजी वाढलेले असावे. जे सावकाश धावतात आणि जास्त वेळ मार्गावर असतात त्यांना हा धोका अधिक. मळमळ, डोके जड होणे, गोंधळल्यासारखे वाटणे ही त्याची लक्षणे ‘मन हरले’ या नावाखाली सहज झाकली जातात. तहान लागेल तसे प्यावे, आणि आधूनमधून साध्या पाण्याऐवजी क्षार असलेले पेय घ्यावे. मात्र ओआरएस घेतले म्हणजे ऊर्जा मिळाली असे समजू नये. प्रमाणित ओआरएसच्या एका लिटरमध्ये साडेतेरा ग्रॅमच ग्लुकोज असते.

तुमच्या सहकाऱ्याच्या विधानाबद्दल मी स्पष्ट बोलतो, कारण ते तुमच्या मनात रुतून बसले आहे आणि ते साफ चुकीचे आहे. अमेरिकेतील १४ मॅरेथॉनमधील ९१ हजारांहून अधिक धावपटूंच्या वेळा अभ्यासणारे एक संशोधन २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. दुसऱ्या अर्ध्या अंतरात पुरुषांचा वेग सरासरी १५.६ टक्क्यांनी मंदावला, तर स्त्रियांचा ११.७ टक्क्यांनी. वेगाचे भान राखण्यात आणि शेवटपर्यंत टिकून राहण्यात स्त्रिया सरस ठरल्या. ज्येष्ठता आणि जाणकारी नेहमी एकत्र येतातच असे नाही. त्या गृहस्थांशी वाद घालण्याची गरज नाही, पण त्यांच्या वाक्याला तुम्ही आपल्या डोक्यात जी जागा दिली आहे, ती मात्र आता काढून घ्या.

एवढे सांगितल्यावर तुम्ही म्हणाल, मग मनाचा काहीच भाग नाही का? आहे, आणि मोठा आहे. पण तो कणखरपणाच्या रूढ कल्पनेपेक्षा वेगळा आहे. सॅम्युएल मार्कोरा या संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. सोळा जणांना एकदा नव्वद मिनिटे डोक्याला ताण देणारे काम दिले, आणि दुसऱ्या खेपेस तेवढाच वेळ एक माहितीपट दाखवला. त्यानंतर दोन्ही वेळा थकून थांबेपर्यंत सायकल चालवायला सांगितली. डोके दमलेल्या दिवशी ते सरासरी ६४० सेकंद टिकले, तर दुसऱ्या दिवशी ७५४ सेकंद. हृदय आणि स्नायू यांच्या मोजमापांतून या फरकाचा उलगडा होत नव्हता. तेच श्रम त्यांना अधिक कष्टाचे वाटत होते, एवढेच. मन म्हणजे न संपणारा साठा नव्हे, तेही दमते, आणि शर्यतीच्या आधीच दमलेले असू शकते. तुम्ही लिहिता की, डिसेंबरअखेरची तिमाही कामे, त्यानंतरची तपासणी आणि शर्यतीच्या आदल्या दिवशी बांद्रा-कुर्ला संकुलात जाऊन बिब, म्हणजे छातीवर लावायचा स्पर्धक-क्रमांक, आणण्याची धावपळ, यातून तुम्ही थेट पहाटेच्या लोकलमध्ये बसलात. पुढच्या खेपेस बिब पहिल्याच दिवशी आणा, शनिवारी सुट्टी घ्या, आणि त्या दिवशी घरातले कोणतेही काम आपल्या नावावर ठेवू नका. मन बळकट करण्याच्या भाषणांपेक्षा मनाला दिलेली ही एक दिवसाची विश्रांती अधिक उपयोगी पडेल.

कणखर मनाबद्दलचे दुसरे गृहीतक असे की, ज्यांचे मन कणखर असते त्यांना ‘थांबावे’ असे वाटतच नाही. हे खरे नाही. शेवटच्या टप्प्यात तो विचार जवळजवळ सर्वांना येतो, जिंकणाऱ्यांनाही येतो. फरक असतो तो पुढच्या मिनिटाला आपण काय करतो यात. पॉला रॅडक्लिफ यांनी २००३ मध्ये लंडनला २ तास १५ मिनिटे २५ सेकंदांचा जो विक्रम केला तो सोळा वर्षे टिकला. कठीण टप्प्यात त्या मनातल्या मनात शंभरपर्यंत आकडे मोजत असत, तीनदा शंभर झाले की एक मैल, असा त्यांचा हिशेब होता. यात स्फूर्तिदायक असे काही नाही, आणि ते नसणे हेच मला महत्त्वाचे वाटते. थकलेल्या मेंदूला मोठा विचार पेलत नाही, त्याला करायला एक छोटे, ठरलेले काम द्यावे लागते.

स्वतःशी काय बोलावे यावरही अभ्यास झालेला आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चोवीस जण होते. त्यांतील निम्म्यांनी दोन आठवडे आपली स्वतःची वाक्ये निवडून सरावात वापरली, आणि त्यांची सायकलवर टिकून राहण्याची वेळ सरासरी १८ टक्क्यांनी वाढली. उरलेल्या निम्म्यांत काही बदल झाला नाही. इथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. ती वाक्ये त्यांची स्वतःची होती, आणि ती शर्यतीच्या दिवशी प्रथमच उच्चारलेली नव्हती. तुम्ही गेल्या वर्षी टी-शर्टवरचे इंग्रजी घोषवाक्य आठवत होता असे लिहिले आहे. चढावर ते निसटले यात नवल नाही. घरात, आईशी, बहिणीशी ज्या भाषेत बोलता त्या भाषेतले, चार-पाच शब्दांचे, पटणारे वाक्य हवे. ‘मी सहज करेन’ हे पटणार नाही, कारण ते खोटे आहे. ‘जड आहे, पण चालू आहे’ किंवा ‘पुढच्या केंद्रापर्यंत’ हे पटेल. स्वतःला नावाने हाक मारून बोलण्यानेही अनेकांना मदत होते. नोव्हेंबर-डिसेंबरमधील प्रत्येक लांब धावेच्या शेवटच्या पाच किलोमीटरमध्ये ते वापरा. न जमल्यास बदला.

आता त्या विचाराकडे येतो, कारण तुमच्या पत्रातील सर्वांत खरा भाग मला तोच वाटला. ‘घर सोडून मी इथे काय करते आहे.’ रक्तातली साखर उतरल्याने रडू येईल, पण रडताना कोणता विचार येईल हे साखर ठरवत नाही. तुम्ही ओझरते लिहिले आहे की, रविवारी तुम्ही धावायला गेलात की सासूबाईंचा चहा आणि औषधे यजमान पाहतात, त्याबद्दल ते कधी काही बोललेले नाहीत, आणि मुलीच्या दहावीच्या वर्षात हे सारे ‘शोभते का’ असे तुम्हाला वाटते. हा प्रश्न घरी कधीच बोलला गेलेला नाही. पाच वर्षे तो तुम्ही एकटीने वाहिला, आणि जिथे तुमच्यापाशी काहीच शिल्लक उरले नव्हते तिथे तो समोर आला. त्याला पेडर रोडवर उत्तर देता येणार नाही, ते घरीच द्यावे लागेल. यजमानांसमोर बसून विचारा: रविवारचे हे चार तास तुम्हाला जड जातात का? जात असतील तर काय बदलूया? मुलीलाही विचारा. उत्तर कदाचित गैरसोयीचे येईल. सराव बुधवारच्या पहाटे हलवावा लागेल, किंवा औषधांची जबाबदारी नणंदेबरोबर वाटून घ्यावी लागेल. पण स्पष्ट मिळालेली परवानगी आणि गृहीत धरलेली परवानगी यांत मोठे अंतर असते, आणि शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये ते जाणवते. आपल्याकडच्या कितीतरी स्त्रिया, आणि नव्याने वडील झालेले पुरुषसुद्धा, हा अपराधभाव बुटांच्या नाडीबरोबरच बांधून धावायला निघतात. त्यांनाही माझे हेच सांगणे आहे.

दुसरे एक ओझे लक्ष्याचे असते. साडेचार तासांच्या आत यायचे असे तुम्ही गटात जाहीर केले होते, आणि तिसाव्या किलोमीटरला घड्याळ पाहताच ते हुकणार हे कळल्यावर ‘आता काय उपयोग’ असे वाटले, असे तुम्ही लिहिता. जवळपास एक कोटी मॅरेथॉन वेळांचा अभ्यास झाला आहे. त्यात चार तास, साडेचार तास अशा ठोकळ आकड्यांच्या किंचित आधी पोहोचणाऱ्यांची दाटी दिसते आणि त्यानंतर लगेच संख्या घसरते. आकडा खेचून नेतो हे खरे, पण तो हातचा गेला की पाय सोडून देणेही तितकेच स्वाभाविक असते. म्हणून लक्ष्य एक नसावे. सगळे जुळून आले तर ४ तास ४० मिनिटे, ऊन वाढले तर पाच तासांच्या आत, आणि काहीच जुळले नाही तर पोटात ठरल्याप्रमाणे अन्न घालत, ठरल्याप्रमाणे चालत-धावत शेवटपर्यंत जाणे, अशी तीन लक्ष्ये लिहून ठेवा. तिसरे लक्ष्य इतरांना सांगितले नाही तरी चालेल, पण ते तुमच्या लेखी खरे असायला हवे.

यात चालण्याचा उल्लेख केला तो मुद्दाम. उरलेले अंतर चालत कापले म्हणून ते पदक तुम्ही कपाटात ठेवले आहे. जेफ गॅलोवे हे १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटर धावलेले अमेरिकन धावपटू. धावणे आणि चालणे ठरावीक अंतराने आलटून पालटून करण्याची पद्धत त्यांनीच लोकप्रिय केली, आणि असंख्य लोक त्या पद्धतीने मॅरेथॉन पूर्ण करतात. नाइलाजाने, खाली मान घालून चालणे आणि दुसऱ्या किलोमीटरपासून प्रत्येक पाण्याच्या केंद्रावर ठरवून अर्धा मिनिट चालणे यांत शरीरालाही फरक पडतो आणि मनाला तर फारच पडतो. चढ चालत चढायचा असे आधीच ठरवले असेल, तर चढावर चालणे हा पराभव उरत नाही. तुम्ही ४२.१९५ किलोमीटर स्वतःच्या पायांनी पार केले आहेत. ते पदक बाहेर काढा आणि मुलीला दाखवा. चालावे लागले तेही तिला सांगा.

सरावाबद्दल मोजके लिहितो. लांब धावा केवळ अंतर भरण्यासाठी करू नका. अठ्ठावीस ते तीस किलोमीटरच्या दोन-तीन धावा अशा करा की, पहिले वीस किलोमीटर सात-साडेसात मिनिटांच्या वेगाने आणि शेवटचे आठ-दहा ६ मिनिटे ४० सेकंदांच्या शर्यतीच्या वेगाने होतील. तुम्ही ठाण्यात राहता, तर उपवनकडून येऊरला जाणारा चढ या धावांच्या शेवटी घ्या, सुरुवातीला घेऊ नका. दमलेल्या पायांनी चढ कसा लागतो याची ओळख शर्यतीआधी झालेली असावी. मुंबईच्या मार्गात अधूनमधून बदल होतात, त्यामुळे या वर्षीचा नकाशा नीट पाहून चढ कोणत्या किलोमीटरला येतो ते टिपून ठेवा आणि जमल्यास एखाद्या रविवारी हाजी अलीपासून केम्प्स कॉर्नरपर्यंतचा तुकडा धावून या. त्या रस्त्यावर शर्यतीच्या दिवशी रहिवासी संत्र्याच्या फोडी आणि बिस्किटे घेऊन उभे असतात. गेल्या वर्षी त्यांच्याकडे पाहण्याचेही त्राण नव्हते असे तुम्ही म्हणता. या वेळी एक फोड घेण्यासाठी थांबायचे, असे ठरवूनच जा.

खाण्याचा सराव पायांच्या सरावाइतकाच गंभीरपणे करा. तासाला ३० ते ६० ग्रॅम पिष्टमय पदार्थ पोटात जायला हवेत. एका जेलमध्ये साधारण २० ते २५ ग्रॅम असतात, म्हणजे दर पस्तीस-चाळीस मिनिटांनी एक, आणि पहिले जेल भूक किंवा थकवा जाणवण्याच्या पुष्कळ आधी, पहिल्या पाऊण तासात. पोट बिघडण्याची भीती रास्त आहे, पण पोटालाही सवय लावता येते. दर लांब धावेत आज एक, पुढच्या वेळी दोन, असे वाढवत न्या, जेल नेहमी पाण्याबरोबर घ्या, आणि शर्यतीच्या दिवशी नवे काहीही तोंडात घालू नका. शेवटच्या टप्प्यात पोट अगदीच नकार देऊ लागले, तर गोड पेयाने चूळ भरून टाकली तरी थोडा फायदा होतो. तासाभराच्या सायकल चाचणीत अशी चूळ भरणाऱ्यांचा वेग जवळजवळ तीन टक्क्यांनी वाढल्याचे २००४ मध्ये दिसून आले होते. तोंडाला साखर कळली की मेंदू थोडी सवलत देतो, असे त्यावरून मानले जाते. याशिवाय शर्यतीआधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारा घटक) तपासून घ्या. तुमच्या वयाच्या स्त्रियांमध्ये लोहाची कमतरता फार आढळते, आणि ती असताना कोणतेही मनोबल पुरत नाही.

एका बाबतीत मात्र मनाशी झगडू नका. छातीत दुखणे, दिशा किंवा आपले नाव आठवताना गोंधळ होणे, तोल जाणे, नऊच्या उन्हात अंगावर शहारे येणे, किंवा एखाद्या सांध्यातील वेदनेने पावलाची ढब बदलणे, यांपैकी काहीही झाले तर थांबायचे आणि वैद्यकीय मदत केंद्र गाठायचे. ‘मन खंबीर ठेव’ हा सल्ला अशा वेळी जिवावर बेतू शकतो. याउलट मांड्या जड होणे, कंटाळा येणे, रडू येणे, घरी जावेसे वाटणे ही थांबण्याची कारणे नाहीत. ती जाणवली की क्रम ठरलेला असावा: वेग कमी करा, काहीतरी गोड खा, खांदे आणि मुठी सैल करा, दोन मिनिटे चाला, आणि मगच पुढचे ठरवा. खाण्याआधी कोणताही निर्णय घ्यायचा नाही, एवढा एक नियम तरी हाताच्या मनगटावर लिहून न्या.

राहिला तुमचा अखेरचा प्रश्न, नाद सोडावा का हा. मॅरेथॉन न धावणे यात कमीपणा काहीच नाही. तुम्हाला अर्धमॅरेथॉनमध्ये आनंद मिळतो, ते अंतर तुमच्या आयुष्यात नीट बसते, आणि पुढील दहा वर्षे तेच धावायचे ठरवलेत तर तो एक शहाणा निर्णय असेल. फक्त तो निर्णय ‘माझे मन नाजूक आहे’ या आधारावर घेऊ नका, कारण तो आधारच खोटा आहे. दुसरा पर्याय असा की, हे वर्ष मुलीच्या परीक्षेसाठी सोडावे आणि पुढच्या वर्षी धावावे. घरच्या बोलण्यातून तसे निघाले तर नोंदणीच्या पैशांकडे पाहून हट्ट करू नये. तिसरा पर्याय या जानेवारीत धावण्याचा. तो निवडलात तर माझी एकच अट आहे: डिसेंबरच्या मध्यापर्यंत वर सांगितलेल्या लांब धावांपैकी दोन तरी, शेवटचे आठ-दहा किलोमीटर ठरल्या वेगाने आणि दर पस्तीस-चाळीस मिनिटांनी एक जेल पोटात टिकवून, पूर्ण झालेल्या असाव्यात. त्या झाल्या तर सुरुवातीच्या रेषेवर निश्चिंत उभ्या राहा आणि पहिल्या दहा किलोमीटरमध्ये लोक तुम्हाला मागे टाकून जात असतील, तर त्यांना खुशाल जाऊ द्या. त्या झाल्या नाहीत, तर संयोजकांच्या नियमांत बसत असल्यास अर्धमॅरेथॉनकडे वळा, नाहीतर त्या रविवारी घरीच राहा आणि फेब्रुवारीपासून पुन्हा सुरुवात करा. तोवर घरचे बोलणे आणि रक्ततपासणी या दोन गोष्टी याच आठवड्यात उरकून घ्या.